मुंबईचा फील डोळ्यांनी शोधू नका, कान लावा

प्रश्न थोडक्यात असा होता: मी लातूरचा, पुण्यात फिल्ममेकिंग शिकतोय, मुंबईत सगळे मिळून चार-पाच दिवस राहिलोय. मुंबईत नव्याने आलेल्या एका मुलावर पंधरा मिनिटांची शॉर्टफिल्म करायचीय. मुंबईचा खरा फील पकडणारे पिक्चर सांगा. आणि लोकल, पाऊस, मरीन ड्राइव्ह एवढं घेतलं तर पुरेल ना?

अरेतुरे करतोय, राग मानू नकोस, वयाने बराच मोठा आहे तुझ्यापेक्षा. बावीस वर्षं लोकेशन साउंड करतोय. म्हणजे शूटिंग चालू असताना जागेवरचा आवाज रेकॉर्ड करणारा तो माणूस, ज्याला सेटवर कोणी विचारत नाही आणि ज्याच्यामुळे सगळ्यांचा पंखा बंद असतो. बाकी युनिट मॉनिटरला चिकटलेलं असतं आणि मी एका कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून डोळे मिटून. त्यामुळे माझं उत्तर जरा एका बाजूला झुकलेलं असणार, कॅमेरावाल्याला विचारलंस तर तो वेगळं सांगेल आणि तोही बरोबरच असेल.

नुसती यादी हवी असती तर ती कुठेही मिळाली असती. तुझ्या प्रश्नातला खरा प्रश्न शेवटच्या 'पुरेल ना' मध्ये आहे. तुला आतून कळतंय की हे तीन घटक टाकले की पोस्टकार्ड होणार, आणि कुणीतरी 'नाही होणार' असं सांगावं म्हणून तू विचारतोयस. होणार रे. शंभर टक्के पोस्टकार्ड होणार. मरीन ड्राइव्ह हे मुंबईत राहणाऱ्या बहुतेक लोकांसाठी वर्षातून दोनदा, तेही पाहुणे आले की बघायची गोष्ट आहे. माझी स्वतःची बायको डोंबिवलीची, लग्नाआधी ती तिथे एकूण तीन वेळा गेली होती.

आता आधी हे सांगून टाकतो की मुंबईचा फील असा एक काही नसतो. तुझा मुलगा कुठल्या साली येतोय, लोकलच्या कुठल्या लाइनवर राहतोय, वेस्टर्न, सेंट्रल की हार्बर, मे महिन्यात येतोय की जुलैत, त्याच्या खिशात किती आहेत आणि त्याला कोणाकडे उतरायचंय, यावर सगळं आहे. गिरगावातली मराठी माणसं केव्हाच बदलापूर-विरारला गेली, त्यामुळे 'मराठी मुलगा मुंबईत येतो' म्हटल्यावर तू चाळ दाखवलीस तर ती १९७५ची मुंबई झाली. आज तो कदाचित नालासोपाऱ्यात तिघांच्या खोलीत चौथा म्हणून राहील.

पण एक गोष्ट आहे जी या सगळ्या मुंबयांमध्ये सारखी आहे, आणि ती मला एका चाळीत कळली. लालबागच्या बाजूला एका छोट्या फिल्मचं शूट होतं. नवरा-बायकोचं भांडण, रात्रीचं, स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं की दोघं 'दबक्या आवाजात' भांडतात कारण शेजारी ऐकतील. सीन झाला, मग मी नेहमीप्रमाणे सगळ्यांना गप्प बसवून रूम टोन घ्यायला लागलो. रूम टोन म्हणजे कोणी बोलत नसताना त्या खोलीचा जो आवाज असतो तो अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवायचा, एडिटिंगला लागतो. तर त्या पाऊण मिनिटात माझ्या कानात काय काय आलं, शेजारच्या कुकरच्या दोन शिट्ट्या, वरच्या मजल्यावर बादली सरकवल्याचा आवाज, कुणाचा तरी खोकला, खालून 'ए पक्या' अशी हाक, आणि तीन वेगवेगळ्या घरांमधून एकच सीरियल, तिन्हीकडे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या फरकाने. डायरेक्टर वैतागला. तेवढ्यात ज्यांची खोली आम्ही घेतली होती त्या काकू दारात येऊन म्हणाल्या, झालं का तुमचं? आणि मग जाता जाता सहज म्हणाल्या, 'असं कुजबुजत नाही हो भांडत इथे कोणी. कुजबुज जास्त ऐकू जाते. आम्हाला भांडायचं असलं ना की आधी टीव्ही मोठा करतो.'

डायरेक्टरने सीन परत घेतला. बायको रिमोट उचलते, आवाज वाढवते, मग बोलते. लिहिलेले डायलॉग तेच, पण सगळं बदललं. आणि मजा म्हणजे शेजारच्या काकूंनी नंतर विचारलं म्हणे, आज काय झालं एवढं.

माझ्या मते मुंबईचा फील हा इथे आहे. जागा नाही. जागा नाही म्हणून एकांत नाही, एकांत नाही म्हणून आवाज एकट्याचा राहत नाही, आणि मग माणसं त्यावर काहीतरी जुगाड शोधतात. ज्या पिक्चरना हे कळलंय ते मुंबईचे वाटतात, मग त्यात एकही प्रसिद्ध जागा दिसो न दिसो. ज्यांना कळलं नाही त्यांत हिरो नोकरी शोधत असतो आणि अंधेरीतल्या बॅडमिंटन कोर्टाएवढ्या हॉलमध्ये गिटार वाजवत बसतो.

हे मी नवीन काही सांगत नाहीये. 'मुंबईचा जावई' १९७०चा, राजा ठाकूरांचा. 'का रे दुरावा' सगळ्यांना पाठ असतं पण ते गाणं ज्या पिक्चरमध्ये आहे त्याची गोष्टच ही आहे की चाळीत नवीन लग्न झालेल्या जोडप्याला दोन घटका एकट्याने मिळत नाहीत. बासू चॅटर्जींनी तोच १९७२ मध्ये हिंदीत 'पिया का घर' म्हणून केला. मग १९७७ चा 'घरौंदा', अमोल पालेकर आणि झरीना वहाब, दोघं नोकरदार, लग्न करायचंय पण घर नाही, पैसे साठवून फ्लॅट बुक करतात आणि बिल्डर पैसे घेऊन पळतो. त्यात ते दोघं अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगींमधून गाणं म्हणत फिरतात, लोकांना ते रोमँटिक वाटतं, मला दर वेळी पोटात कालवतं. आणि आता २०२४ मध्ये पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' बघ, ज्याला कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री मिळालं. त्यात केरळची नर्स अनू आणि तिचा मित्र, दोघांना भेटायला जागा नाही, बेत करतात आणि फसतात. पन्नासहून जास्त वर्षं गेली, भाषा बदलली, चाळीचे टॉवर झाले, अडचण तीच.

या पिक्चरवर जरा थांबतो, कारण तुला सगळ्यात जास्त उपयोग याचा होईल. सुरुवात आठव किंवा काढून बघ. रात्रीचा बाजार, टेम्पो, भाज्यांची पोती, लोकलमधली माणसं, आणि त्यावर वेगवेगळ्या लोकांचे आवाज, वेगवेगळ्या भाषांत, मुंबईत कसे आलो ते सांगणारे. पडद्यावर दिसणारा चेहरा बोलत नाहीये. बोलणारा दिसत नाहीये. सुरुवातीला मला वाटलं ही डॉक्युमेंटरीवाल्यांची सवय असेल, पण मग लक्षात आलं की मुंबईत आपण असंच ऐकतो ना, गर्दीत कोण बोलतंय ते दिसत नसतं, वाक्याचं शेपूट तेवढं कानावर पडतं. आणि त्यातली छाया कदमची पार्वती, रत्नागिरीकडची, हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम करणारी, नवरा गिरणीत होता, तो गेला आणि आता राहत्या घराचे कागद तिच्याकडे नाहीत म्हणून बिल्डर बाहेर काढतोय. १८ जानेवारी १९८२ ला जो गिरण्यांचा संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांचा, अडीच लाखांच्या आसपास कामगार होते त्यात, त्याचं शेपूट हे इथपर्यंत आलंय. संप स्वतः बघायचा असेल तर महेश मांजरेकरचा 'लालबाग परळ' आहे, जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून केलेला, पण मला विचारशील तर पार्वती खोलीत कागद शोधते त्यात संप जास्त आहे.

'लंचबॉक्स' तू बघितलाच असशील. सगळे त्यात इरफान आणि डबेवाले बघतात. मी देशपांडे आंटी ऐकतो. भारती आचरेकरांचा आवाज आहे, पूर्ण पिक्चरमध्ये ती बाई एकदाही दिसत नाही. वरच्या मजल्यावरून खिडकीतून बोलते, दोरीला बांधलेली टोपली खाली येते. आता हे एखाद्या दिग्दर्शकाने केवळ गंमत म्हणून केलं असं समजू नकोस, मुंबईत अशी नाती असतात. माझ्या स्वतःच्या बिल्डिंगीत समोरच्या विंगमधल्या एका आजोबांचं पहाटेचं रामरक्षा स्तोत्र मला पाठ आहे आणि ते आजोबा रस्त्यात भेटले तर मी ओळखणार नाही. त्याच पिक्चरमध्ये इरफानचा साजन फर्नांडिस पत्रात लिहितो की दफनासाठी त्याला उभी जागा देऊ केली, जन्मभर लोकल-बसमध्ये उभं राहिलो आता मेल्यावरही उभंच. थिएटरमध्ये लोक हसले होते. दादरला संध्याकाळी साडेसहाला चढून बघ, मग हसायला येतं का सांग.

'कोर्ट' (२०१४, चैतन्य ताम्हाणे) हा माझ्या मते मुंबईवरचा सगळ्यात कडक पिक्चर आहे, आणि त्याची जाहिरात कोणी मुंबईचा पिक्चर म्हणून करत नाही. मॅनहोलमध्ये एक सफाई कामगार मरतो, एका शाहिरावर आरोप की त्याच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, आणि केस चालते. व्हेनिसला दोन पुरस्कार, मग राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट. पण तू काय बघ, कोर्ट सुटल्यावर कोण कसं घरी जातं ते. सरकारी वकील बाई, गीतांजली कुलकर्णी, लोकलच्या लेडीज डब्यात दुसऱ्या बाईशी तेल आणि नवऱ्याच्या डायबेटीसवर बोलते, मुलाला घेते, घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. बचाव पक्षाचा वकील गाडीत बसून जॅझ ऐकत जातो, दुकानात चीज वगैरे घेतो. दोघं दिवसभर एकाच खोलीत समोरासमोर असतात आणि संध्याकाळी दोन वेगळ्या शहरांत जातात. आता हेडफोन लावून ऐक. गाडीची काच वर झाली की मुंबई बंद होते. तिच्या डब्यात ती बंद करायची सोयच नाही. मी तर म्हणतो मुंबईत श्रीमंत कोण हे ओळखायचं असेल तर त्याच्या घरी शांतता किती आहे ते मोजा. स्क्वेअर फुटाचा भाव ज्याला म्हणतात तो खरं म्हणजे शांततेचा भाव आहे.

त्याच दिग्दर्शकाचा 'द डिसायपल' (२०२०). शास्त्रीय गाणं शिकणारा मुलगा, रात्री बाइकवरून रिकाम्या फ्लायओव्हरवरून जातोय, सगळं स्लो मोशनमध्ये, आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंची व्याख्यानं. तो आवाज सुमित्रा भावेंचा आहे. मला हे सीन इतके पटले कारण मुंबईत माणूस खरोखर एकटा असतो तो असाच, मध्यरात्री, रस्त्यावर, घरात नाही. इतर ठिकाणी लोक एकटं व्हायला घरी जातात.

'सत्या'बद्दल सगळे मारामारीचं बोलतात. १९९८चा, तेव्हा मी कॉलेजात होतो. मनोज वाजपेयीचा भिकू म्हात्रे समुद्राकडे तोंड करून ओरडतो तो सीन सगळ्यांना माहीत आहे, पण लक्षात घे की ओरडायला त्याला समुद्रापर्यंत जावं लागतं. घरी बायको त्याच्यावर ओरडते. शहराला घाबरवणारा माणूस, आणि त्याचं घर बघ, तेच मध्यमवर्गीय, पोरं मधे मधे येतायत. आणि 'ब्लॅक फ्रायडे'मधला झोपडपट्टीतला तो पाठलाग, पोलीस आणि पळणारा दोघंही दमतात, थांबतात, परत पळतात. एका माणसाच्या खांद्याएवढी गल्ली असली की पाठलाग असाच होतो. तिथे नुसत्या धापा ऐक.

आता माझ्याच बोलण्यात एक भोक आहे ते सांगतो, नाहीतर तूच विचारशील. सत्तरीतले बासू चॅटर्जींचे पिक्चर, 'छोटी सी बात' (१९७६) घे, यातला एकही आवाज जागेवरचा नाही. त्या काळी जो ॲरीचा टू-सी कॅमेरा सगळीकडे वापरायचे तो शिलाई मशीनसारखा आवाज करायचा, त्यामुळे सगळं नंतर स्टुडिओत डब व्हायचं, चपलांचे आवाजसुद्धा. 'लगान'ने २००१ मध्ये एवढ्या मोठ्या पिक्चरला जागेवरचा आवाज घेतला तेव्हा ती बातमी होती. मग डब केलेला 'छोटी सी बात' इतका मुंबईचा का वाटतो? मी यावर बराच विचार केला. उत्तर बसस्टॉपच्या रांगेत आहे. अमोल पालेकरला विद्या सिन्हाशी बोलायचंय, आणि ती रोज त्याच्या पुढे दोन फुटांवर उभी असते. मुंबई परक्या माणसाला तुमच्या इतकं जवळ आणून उभं करते की कुठल्याच दुसऱ्या गावात तो इतका जवळ येणार नाही, आणि तरी बोलायची चोरी. ते अंतर लिखाणात होतं. म्हणजे आवाज नसला तरी चालेल, पण अंतर चुकलं तर आवाजही वाचवणार नाही. 'बातों बातों में' मध्ये हेच लोकलच्या सीटवर.

आता तुझ्या तीन घटकांकडे येतो.

लोकल. घे, पण नीट घे. एक तर रूट चुकवू नकोस, मी अशी फिल्म बघितलीय ज्यात हिरो चर्चगेटला गाडीत बसतो आणि सीएसएमटीला उतरतो, दोन्ही वेगवेगळ्या लाइनची शेवटची स्टेशनं, आमच्याकडे अख्खं थिएटर हसलं. दुसरं, लोकलचा आवाज कोणत्या सालचा आहे ते बघ. साधारण २००७ पासून ज्या नवीन सीमेन्सच्या गाड्या आल्या त्यांची मोटर सुटताना बारीक शिट्टीसारखी वर चढत जाते. त्याआधीच्या जुन्या गाड्या डीसी करंटवर चालायच्या, त्यांचा आवाज खालचा, घरघरीचा, आणि खाली डब्याच्या पोटात कॉम्प्रेसर मधेच धडधडायला लागायचा. नव्वदच्या दशकातला सीन आणि मागे 'पुढील स्टेशन दादर' अशी अनाउन्समेंट ऐकली की माझ्यासारख्याचा पिक्चर तिथेच संपतो. तुझी गोष्ट आजची असेल तर काही प्रश्न नाही, फोन काढ आणि रेकॉर्ड कर, फक्त दारात उभा राहून हात बाहेर काढू नकोस.

टॅक्सीचंही तेच. प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, डिझेलच्या डबलडेकर बस त्याच्या महिनाभर आधी. ट्राम तर ३१ मार्च १९६४ लाच बंद झाली. 'सीआयडी'मधलं (१९५६) जॉनी वॉकरचं ते मुंबईचं गाणं तुला माहीत असेलच, त्यात ट्रामही आहे आणि गिरणीही, आणि दोन्ही आता नाहीत, गाणं मात्र कोणत्याही रिक्षात वाजतं. आज तू काळी-पिवळी पद्मिनी भाड्याने आणून २०२५चा मुलगा तीत बसवलास तर ते जाहिरातीसारखं दिसणार.

पाऊस. इथे मी जास्त बोलणार कारण सगळे इथेच फसतात. पडद्यावरचा बहुतेक पाऊस टँकरचा असतो. खऱ्या पावसात मागून लाइट नसला तर धारा कॅमेऱ्यात दिसतच नाहीत आणि डायलॉग तर विसरायचा. मग आवाज नंतर लावतात, आणि लायब्ररीतला 'हेवी रेन' म्हणून जो मिळतो तो लावतात, तो कुठल्या तरी परदेशातल्या जंगलातला पानांवर पडणारा पाऊस असतो. मुंबईत पाऊस पानांवर फार कमी पडतो. तो पत्र्यावर पडतो, निळ्या ताडपत्रीवर पडतो, खिडकीच्या जाळीवर बांधलेल्या प्लास्टिकवर पडतो, एसीच्या बाहेरच्या डब्यावर पडतो. आणि यातलं प्रत्येक वेगळं वाजतं आणि प्रत्येकाखाली वेगळा माणूस राहतो. ताडपत्रीवरचा पाऊस जाड, ढबढब, आणि मधे पाणी साठून एकदम ओघळतं तो आवाज. एसीच्या डब्यावर टणटण, एका तालात, रात्रभर झोपू देत नाही. बिल्डिंगीच्या बाहेरच्या पाइपातून येणारं पाणी वेगळं. तुझा मुलगा कशाखाली झोपलाय ते ठरव, मग पाऊस दाखवायचीही गरज नाही, नुसता छताकडे बघतोय आणि वर काय वाजतंय एवढं पुरे.

मरीन ड्राइव्हबद्दल वर बोललोच. तुला घ्यायचाच असेल तर मुलगा तिथे गावाकडच्या नातेवाइकांना दाखवायला घेऊन आलाय आणि स्वतः दुसऱ्यांदाच बघतोय असं कर.

आणखी दोन नावं देतो. मीरा नायरचा 'सलाम बॉम्बे' (१९८८), रस्त्यावरच्या मुलांना वर्कशॉप घेऊन त्यांच्याकडूनच कामं करून घेतली, शेवटी गणपतीच्या गर्दीत तो मुलगा हरवतो ना, तो गोंगाट कमी कमी होत जातो का वाढतो हे न बघता नुसतं ऐक. आणि निशिकांत कामतचा 'डोंबिवली फास्ट' (२००५), तो माणूस नंतर काय करतो त्यात मला फार रस नाही, पण सुरुवातीचं रोजचं तेच ते चक्र, ते मात्र बघ. मुंबईबाहेरचा एकच सांगतो, सत्यजित राय यांचा 'महानगर' (१९६३). टायटल्स चालू असताना पडद्यावर बाकी काही नाही, ट्रामच्या वरच्या तारेवर घासत जाणारा दांडा आणि अधूनमधून ठिणगी. हावडा ब्रिज नाही, व्हिक्टोरिया नाही. कलकत्त्यात पोचलास.

आता तुझी पंधरा मिनिटं. मी तुझ्या जागी असतो तर पहिला सीन स्टेशनवर घेतलाच नसता. मुलगा त्या खोलीत पोचलाय, आधीचे तिघं कामावर गेलेत किंवा एक नाइट शिफ्टवाला झोपलाय, आणि याच्या हातात बॅग आहे. ती ठेवायची कुठे? कॉटखाली तिघांच्या बॅगा आहेत, वर माळ्यावर पाण्याचे ड्रम, दारामागे कपडे. झोपलेला उठू नये म्हणून तो हळू सरकवायला जातो आणि भांड्यांचा ढीग पडतो. बस. यात मुंबई आली. मी स्वतः कॉलेज संपल्यावर असाच एका मित्राच्या खोलीवर राहिलोय, पहिले आठ दिवस माझी बॅग इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली होती आणि मी रोज सकाळी तिथे जाऊन शर्ट काढायचो. इस्त्रीवाल्याला माझे सगळे शर्ट पाठ झाले होते.

आणि शूटच्या आधी एकदा कॅमेरा न घेता ये. दोन दिवस, फोन आणि साधा इअरफोन. ज्या खोलीत शूट करणार तिथे सकाळी सहा, दुपारी दोन, संध्याकाळी आठ आणि रात्री एक, अशा चार वेळा दहा-दहा मिनिटं रेकॉर्ड कर, आणि लिहून काढ काय काय आलं. पाण्याची वेळ कळेल, कोणाचं पोर कधी रडतं कळेल, खालचा भंगारवाला, अजान, आरती, शाळेची घंटा. अर्धी स्क्रिप्ट त्यातूनच निघेल. तू लातूरचा आहेस, तुझ्या कानाला हे सगळं खुपेल, आणि तुझा फायदा तोच आहे, आम्हाला ते ऐकूच येत नाही आता.

शूटच्या दिवशी पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केलास की खोलीची किंवा बाइकची चावी त्या फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे निघताना फ्रिज चालू करायला विसरणार नाहीस. ही युक्ती आमच्या लाइनमध्ये सगळे वापरतात, मी एकदा नाही वापरली आणि एका घरमालकिणीचे दीड किलो पापलेट खराब केले, त्यांचे पैसे माझ्या मानधनातून गेले आणि बोलणी खाल्ली ती वेगळी.

आणि हळू आवाजातला एखादा सीन असेलच, तर तो रात्री घे. शेवटची लोकल एकच्या आसपास जाते, पहिली चारच्या सुमाराला सुटते, मधला तेवढाच काय तो वेळ मुंबई गप्प असते. दीडला सुरू कर, साडेतीनला आवर, कारण त्यानंतर दुधाचे क्रेट टेम्पोतून फुटपाथवर आपटायला लागतात. डायलॉग संपले असतील तर रेकॉर्डर मात्र बंद करू नकोस, ते क्रेट घेऊन ठेव.